फिलदेल्फिया : बंधुप्रेमाचे गाव आणि डॉ. आनंदीबाई जोशी

प्रकटीकरणाच्या पुस्तकात दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत सात पत्रे आहेत. पात्म बेटावर असलेल्या योहानाकडून प्रभू येशूने ती आशिया प्रांतातील सात ख्रिस्तमंडळ्यांना लिहवून घेतली. सातांपैकी पाच मंडळ्यांची कानउघाडणी झाली आहे. कुणाचे प्रेम थंडावले, कुणी कोमट झाले, कुणी नावापुरते जिवंत राहिले. दोषाचा एकही शब्द नाही अशी पत्रे दोनच, एक स्मुर्णाचे आणि दुसरे फिलदेल्फियाचे. यांपैकी फिलदेल्फियाचे पत्र रविवारच्या मिस्सावाचनांत येत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानांवरून ते क्वचितच गेले असेल.

हे नाव आपण ऐकतो ते बहुधा अमेरिकेतल्या शहराचे, फिलाडेल्फिया म्हणून. त्या शहरात आपली एक मराठी मुलगी अडीच वर्षे राहिली, शिकली आणि डॉक्टर झाली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. शाळेच्या पुस्तकांतून, नाटकातून आणि २०१९ साली आलेल्या चित्रपटातून ती सर्वांना ठाऊक आहे. ती ख्रिस्ती नव्हती आणि झालीही नाही. तरी तिचे चरित्र आम्ही या पानावर देत आहोत, कारण पवित्र शास्त्रातले ते ग्रीक नाव खरे कधी ठरते आणि खोटे कधी पडते, हे तिच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके आम्हाला अन्यत्र दिसले नाही.

आधी नावाविषयी. आपल्या सोनपेठचे नाव उच्चारले की अर्थ आपोआप कळतो, सोने आणि पेठ. पेठेत सोने किती, हा प्रश्न वेगळा. गंगाखेड म्हटले की गंगेकाठचे खेड हेही कळते, कारण आपल्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. ग्रीक माणसाला फिलदेल्फिया हे नाव असेच उघड वाटत असे. त्यात दोन शब्द आहेत. फिलोस म्हणजे प्रिय, प्रेम करणारा. आदेल्फोस म्हणजे भाऊ. हा दुसरा शब्द जरा उकलून पाहण्यासारखा आहे. त्याचे मूळ, एकाच उदरातून आलेला, असे आहे. आपल्याकडे सहोदर म्हणतात तोच अर्थ. बहिणीसाठीचा ग्रीक शब्दही त्याच मुळाचा, फक्त शेवट बदलतो. म्हणजे बंधुप्रेम असे आपण भाषांतर करतो तेव्हा त्यात बहीणही आलीच. एका आईच्या पोटच्यांनी एकमेकांवर करावे ते प्रेम, असा त्या गावाच्या नावाचा अर्थ.

गावाला ते नाव एका राजावरून पडले. पर्गमचा राजा दुसरा अट्टालस याला फिलदेल्फस, म्हणजे भावावर प्रेम करणारा, अशी पदवी होती. त्याचा थोरला भाऊ युमेनेस गादीवर असताना रोमच्या काही मंडळींनी अट्टालसला फूस दिली की भावाला बाजूला सार, राज्य तुला देऊ. अट्टालस बधला नाही. भावाच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी १५९ मध्ये, तो गादीवर आला. भाऊबंदकीची प्रकरणे तहसील कचेरीत आणि कोर्टात रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या राजाचे कौतुक वाटायला हरकत नाही.

गाव मात्र भूकंपाच्या पट्ट्यात होते. इसवी सन १७ मध्ये मोठा धरणीकंप झाला, आजूबाजूची शहरे कोसळली, रोमच्या बादशहाने कर माफ केला. त्यानंतरही धक्के बसत राहिले आणि पुष्कळ लोक भिंतींच्या भीतीने गावाबाहेर शेतात राहू लागले. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातली किती घरे कित्येक रात्री अंगणात झोपली, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अशा लोकांना प्रभूने त्या पत्रात काय कळवले? की तुमची शक्ती थोडी आहे हे मला ठाऊक आहे. मी तुमच्यापुढे एक दार उघडून ठेवले आहे, ते कुणालाही बंद करता येणार नाही. जो टिकून राहील त्याला मी देवाच्या मंदिरातला खांब करीन, त्याला पुन्हा बाहेर जावे लागणार नाही, आणि त्याच्यावर नवे नाव लिहीन. घर सोडून बाहेर पळणाऱ्यांना खांबाचे वचन दिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पत्राचा गोडवा कळतो. ते गाव आज तुर्कस्तानात आहे, नाव अलाशेहिर. तिथे संत योहानाच्या नावाच्या जुन्या मंदिराचे विटांचे काही प्रचंड खांब अजून उभे आहेत.

नव्या करारात हा शब्द गावाच्या नावाशिवायही येतो. संत पौलाने रोमकरांना आणि थेस्सलनीकाकरांना लिहिताना तो वापरला आहे. संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली त्याची जागा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे प्रेषित एक एक सद्गुण दुसऱ्यात मिळवायला सांगतात. बंधुप्रेम शेवटून दुसरे येते. त्याच्यातही भर घालायची ती प्रीतीची, म्हणजे सर्वांवरच्या प्रेमाची. आपल्या मंडळीतल्या भावाबहिणींवर प्रेम करणे ही मोठी गोष्ट आहे, पण प्रेषितांच्या हिशेबात तिच्यापुढे अजून एक पायरी आहे.

१६८२ साली विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या माणसाने अमेरिकेत नवे शहर वसवले आणि त्याला हेच नाव दिले. धर्मावरून कुणाचा छळ होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. पण नाव दिले म्हणून गाव तसे होत नाही. १८४४ साली याच शहरात आयर्लंडहून आलेल्या कॅथोलिकांविरुद्ध दंगली उसळल्या. सरकारी शाळांत कॅथोलिक मुलांना त्यांच्या बायबलची प्रत वाचू द्यावी, या मागणीवरून आधीच धुसफूस चालू होती. संत मायकल आणि संत ऑगस्टीन या नावांची दोन चर्चे जाळली गेली, माणसे मेली. बंधुप्रेमाच्या गावात ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांची मंदिरे पेटवली. याच शहरात १८५० साली क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, जगातले त्या प्रकारचे अगदी सुरुवातीचे. आपल्या चरित्रनायिकेला जायचे होते ते इथे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणचे जोशी घराणे, एके काळचे जमीनदार, आता उतरती कळा लागलेले. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी नाव आनंदी झाले. मुलीला शिकवू देणार असाल तरच लग्न, अशी गोपाळरावांची अट होती. त्या काळात अशी अट घालणारा नवरा विरळा. पण गोपाळराव म्हणजे सरळ माणूस नव्हे. अभ्यास टाळला की ते मारीत, हातात येईल ते फेकीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे शांतपणे लिहून ठेवले आहे, आणि त्याच शिक्षणाबद्दल त्यांचे उपकारही मानले आहेत. आजच्या नवऱ्यांनी यातला पहिला भाग धडा म्हणून घेऊ नये.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. दहा दिवस जगला आणि गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित वाचला असता. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे जायचे तर लाज आडवी येते, म्हणून कितीतरी बाया दुखणे अंगावर काढून मरतात, हे त्या मुलीने त्या दहा दिवसांत पाहिले. डॉक्टर व्हायचे तिने तिथे ठरवले. आपल्या भागातल्या उसाच्या फडावर कोपीत बाळंत झालेल्या बाया आपल्याच नात्यागोत्यात असतील. त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. बायकोला शिकवणारा माणूस म्हणून प्रत्येक गावी टवाळी झाली. कोल्हापुरात असताना त्यांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. माझ्या पत्नीला अमेरिकेत शिकायचे आहे, मला तिथे काही काम मिळेल का, अशी विचारणा केली. वाइल्डरसाहेबांनी उत्तर धाडले ते असे की तुम्ही दोघे ख्रिस्ती झालात तर पाहता येईल. गोपाळरावांनी नकार दिला. १८८० मध्ये हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. वाइल्डर हे वाईट गृहस्थ नव्हते. कोल्हापुरात त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट केले, शाळा काढल्या. सुवार्ता सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे, ते त्यांनी केले असे कुणी म्हणेल. पण एका आईचे मूल मेले आहे, तिला औषध शिकायचे आहे, आणि तिच्यापुढे दार उघडण्याआधी आपण अट ठेवतो. पत्रातले दार तर प्रभूने उघडलेले आहे. त्याला कुलूप घालायचा अधिकार आपल्याला कुठून आला? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत हे स्पष्ट मांडले की देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या कोणत्याही माणसाशी आपण भावासारखे वागायला नकार देत असू, तर सर्वांच्या पित्याची प्रार्थना आपण खऱ्या अर्थाने करू शकत नाही. वाइल्डर यांच्या काळी ही घोषणा नव्हती. आपल्या काळी आहे.

त्या मासिकाचा अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या एका गृहिणीच्या हाती पडला. सौ. थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ घालवायला समोरचे मासिक उचलले. हिंदुस्थानातल्या एका मुलीला शिकायचे आहे आणि तिला अट घातली जात आहे, एवढे त्यांना कळले. त्यांनी घरी येऊन गोपाळरावांच्या पत्त्यावर पत्र लिहिले. आमच्या घरी या, असे सांगितले. धर्माबद्दल काहीही विचारले नाही. पुढे तीन वर्षे ही पत्रे समुद्रावरून जात-येत राहिली. सणवार, जेवण, देव, लग्न, आजार, सगळे त्यांत असे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मराठीत मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. आदेल्फोस या शब्दाचे उदर इथे आठवावे.

१८८३ च्या सुरुवातीला गोपाळराव कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला टपाल खात्यात होते. हे गाव आपल्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण विल्यम केरी यांच्या तिथल्या छापखान्यात १८११ साली मराठी नवा करार प्रथम छापला गेला, तोही मोडी अक्षरांत. म्हणजे फिलदेल्फिया हे नाव मराठीत छापले गेले ते याच गावी, आणि आनंदीबाईंनी त्या नावाच्या शहरी जाण्याचा जाहीर निर्धार केला तोही याच गावी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. वय अठराला महिना कमी. हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय, या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी सभेला सांगितले. अंगावरचे सोने विकून आणि मिळालेल्या देणग्यांतून पैसा जमवला. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या. गोपाळराव सोबत नव्हते. सोबतीला मिशनरी बाया होत्या, आणि त्या प्रवासात धर्म बदलण्यासाठी आनंदीबाईंवर दडपण आले. ४ जून १८८३ ला बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

उन्हाळा रोझेलला त्यांच्या घरी गेला. आनंदीबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, कपाळाचे कुंकू सोडले नाही. मावशींनी सोडायला सांगितले नाही. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. त्यात त्यांनी आपला हेतू लिहिला, तो म्हणजे पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना मदत करण्याचा. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. महाविद्यालय ख्रिस्ती मंडळींचे होते, पण प्रवेशाच्या कागदावर बाप्तिस्म्याचा रकाना नव्हता.

शहराने मात्र सगळेच काही सोपे केले नाही. सुरुवातीच्या खोलीत शेगडी नीट पेटत नसे, धूर होई. धूर नको तर थंडी सोसा, असा प्रकार. स्वतः रांधून खायचे, त्यात मराठी पोटाला चालेल असे फारसे मिळत नसे. घटसर्प झाला, त्यातून त्या वाचल्या. पुढे खोकला लागला तो सुटलाच नाही. क्षयाची ती सुरुवात असावी. डॉ. बॉडली यांनी त्यांना काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले.

त्या महाविद्यालयात काढलेले १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबत इस्लामबूली आणि मराठी आनंदीबाई. तिघी पुढे डॉक्टर झाल्या. तीन देश, तीन भाषा, तीन धर्मपरंपरा. विल्यम पेनने शहराला नाव दिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असे चित्र असेल असे आम्हाला वाटत नाही. पण नाव आपल्या अर्थाला जागले ते अशा एखाद्या खोलीत. १८४४ च्या जळत्या चर्चांपासून तिथवर येण्यास शहराला एकेचाळीस वर्षे लागली.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झाले. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. मेलेल्या त्या दहा दिवसांच्या बाळाचा विसर त्यांना कधी पडला नव्हता, हे विषयावरून कळते. समारंभाला गोपाळराव होते, कार्पेंटर मावशी होत्या, आणि खास इंग्लंडहून आल्या होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा इथला उल्लेख ओघात सोडून देण्यासारखा नाही. १८८३ साली आनंदीबाई हिंदूच राहण्याचा शब्द देऊन अमेरिकेला निघाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. दोघी मराठी, दोघी ब्राह्मण घरच्या, दोघी शिकण्यासाठी समुद्र ओलांडलेल्या. आणि तीन वर्षांनी बंधुप्रेम या नावाच्या शहरात एकीच्या यशाला टाळ्या वाजवायला दुसरी समुद्र ओलांडून येते. एक बाप्तिस्मा घेतलेली, एक न घेतलेली. दोघींत याविषयी बोलणे झाले असेल, मतभेदही असतील. पण त्या दिवशी सभागृहात त्या बहिणी होत्या. संत पेत्राने बंधुप्रेमात प्रीतीची भर घालायला सांगितले ते कसे दिसते, असे कुणी विचारले तर आम्ही या प्रसंगाकडे बोट दाखवू.

रमाबाई त्यानंतर अमेरिकेतच राहिल्या. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियातच निघाले, त्याची प्रस्तावना डॉ. बॉडली यांची. जमलेल्या पैशातून आणि पाठिंब्यातून रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, ते ११ मार्च १८८९ रोजी. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायाशी पोचल्यावर ते गावाचे नाव ग्रीकमधून उतरवून घेताना त्यांना कोण आठवले असेल, याचा विचार मनात येतो.

आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून चालते. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांचे पहिले पत्र गेले होते तिथेच डॉक्टर म्हणून परतायचे होते. पण शरीर पोखरून गेले होते. १६ नोव्हेंबर १८८६ ला त्या मुंबईला उतरल्या. लोकांनी स्वागत केले. ज्यांनी शेण फेकले होते त्यांच्याही हाती आता हार असतील. कामावर रुजू होणे काही झाले नाही. पुण्यात उपचार चालू राहिले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. वयाची बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापुरात एकाही बाईची नाडी त्यांना पाहता आली नाही.

हे आयुष्य फुकट गेले, असे तेव्हाही काही जण म्हणाले. थोड्या शक्तीच्या माणसांना प्रभूने उघड्या दाराचे वचन दिले, त्यात आत गेल्यावर किती वर्षे मिळतील हे सांगितलेले नाही. त्याच १८८६ साली कादंबिनी गांगुली कलकत्त्यात वैद्यकीय परीक्षा पार करून व्यवसायाला लागल्या. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन शिकल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी कितीतरी वर्षे बायांचे दवाखाने सांभाळले. आज परभणी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत बाई डॉक्टर दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या ज्या मुली परिचारिका होण्यासाठी बाहेरगावी गेल्या आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे चरित्र त्यांना जरूर पाठवावे. दहावी झाली की स्थळ पाहायला निघणाऱ्या घरांनीही वाचावे. नऊ वर्षांची नवरी आणि चौदा वर्षांची आई ही १८७९ सालची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती तर बरे झाले असते, पण मराठवाड्यात बालविवाह अजून थांबलेले नाहीत, आणि ख्रिस्ती घरे त्याला सर्वस्वी अपवाद आहेत असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

शेवटी एका दगडाविषयी. गोपाळरावांनी पत्नीची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या स्वतःच्या घराण्याच्या जागेत पुरली. आजूबाजूला कार्पेंटर घराण्यातली माणसे, ख्रिस्ती नावांची, आणि त्यांच्यात ही एक हिंदू मुलगी. जागा घरच्यांसाठी राखलेली होती, तिथेच तिला ठेवले. दगडावर तिचे नाव, जन्म आणि मृत्यूची साले, वैद्यकीय पदवीची अक्षरे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. यमुना होती, आनंदी झाली, दगडावर डॉक्टर आनंदीबाई जोशी आहे.

फिलदेल्फियाचे पत्र प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात सातव्या ओवीपासून तेराव्या ओवीपर्यंत आहे. दोन मिनिटांत वाचून होते.